मुलांसोबत मोठी झुकिनी वाढवताना
कोल्हापुरात मुलांसोबत त्यांच्या हाताएवढी लांब झुकिनी (काकडीसारखी दिसणारी, भोपळ्याच्या कुळातली फळभाजी) वाढवण्याचा आपला बेत असेल, तर तो उत्तम आहे. मात्र तिथल्या पावसात मुळे कुजण्याची भीती असल्यामुळे बी ऑक्टोबरमध्ये, थेट वाफ्यात, अडीच-तीन फुटांच्या अंतराने मुलांच्याच हातून टोकावे.

नवशिक्यांची फसगत फुलांपाशी होते. सुरुवातीला बहुधा नर फुलेच येतात, ती गळाली म्हणून घाबरू नये. मागे इवलेसे फळ असलेले मादी फूल उमलले की सकाळी लवकर नर फुलाचे पराग त्यावर टेकवावेत (माझ्या नातीला हेच काम सर्वांत प्रिय आहे).

दुसरी चूक लोभाची. एका झाडावर एकच फळ मोठे होऊ द्यावे आणि बाकीची वीतभर झाली की खुडावीत, कारण फळातले बी जून होऊ लागले की झाडाला नवी फळे धरणे मंदावते. जून फळ बिया काढून, किसून थालीपिठात घालावे.