‘शिव्हरी’ म्हणजे वरात की धिंड?

अमेरिकेच्या ग्रामीण भागातील एका कथेचा अनुवाद करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, लग्नानंतर रात्री शेजारीपाजारी नवदांपत्याच्या घराबाहेर डबे बडवतात त्या ‘शिव्हरी’ला मराठीत ‘वरात’ म्हणावे काय. नुसते ‘वरात’ म्हणू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण वरात वधूवरांच्या मानाची असते, तर शिव्हरीचे मूळ अपमानात आहे.

‘शिव्हरी’ हे फ्रेंच ‘शारिवारी’चे अमेरिकी बोलीतील रूप होय. फ्रेंच शब्द बहुधा डोकेदुखी या अर्थाच्या जुन्या लॅटिन शब्दावरून आला असून चौदाव्या शतकाच्या आरंभापासून तो लेखनात आढळतो. विधुराने वा विधवेने पुन्हा लग्न केले, त्यातही म्हाताऱ्याने तरुण मुलगी केली, की गावातील अविवाहित पोरे मुखवटे चढवून, पातेली व गुरांच्या गळ्यातील घंटा वाजवत त्यांच्या दारात गोंगाट मांडीत आणि पैसे किंवा दारू मिळेपर्यंत हटत नसत. लग्नाजोगी एक मुलगी आपल्या हातची गेली, तिची ही भरपाई, असा त्यामागचा हिशेब होता. बायकोचा मार खाणाऱ्या नवऱ्याला, किंवा त्याच्याऐवजी शेजाऱ्याला, गाढवावर उलटे बसवून फिरवण्याची रीतही याच कुळातली. निंदेचा अर्थ शब्दाला इतका चिकटलेला होता की, 1832 मध्ये पॅरिसमध्ये निघालेल्या व्यंगचित्रांच्या दैनिकाने ‘ल शारिवारी’ हेच नाव घेतले.

अमेरिकेत मात्र शब्दाचा विखार ओसरला. ए. एल. डेव्हिस आणि रेव्हन मॅकडेव्हिड या भाषाभ्यासकांनी 1949 मध्ये या शब्दाच्या प्रसाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्रेंच वसाहतींतून उचललेला हा शब्द मिसिसिपीच्या खोऱ्यात आणि पश्चिमेकडे रुजला, तर पूर्वेकडे याच प्रकाराला ‘सेरेनेड’, ‘हॉर्निंग’, ‘बेलिंग’ अशी निरनिराळी नावे राहिली. अमेरिकेत पहिल्याच लग्नाच्या जोडप्यालाही शेजारी अशी सलामी देत, बंदुकीचे बार काढत, आणि नवरा-नवरीने बाहेर येऊन खाऊ, सिगार किंवा पेय दिले की सारे हसतखेळत घरी जात.

मराठीत मानाची ती वरात आणि बेअब्रूची ती धिंड, अशी विभागणी आहे. परंतु ‘गाढवावरून वरात काढणे’ या प्रयोगात मराठीनेच वरातीला उलटे केले आहे, आणि मला तोच धागा येथे उपयोगी वाटतो. आपल्या कथेत प्रेमळ खोडी असेल, तर ‘शिव्हरी’ हा शब्द तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात ‘थट्टेची वरात’ एवढी जोड द्यावी. जुन्या फ्रान्समधील विधुराच्या दारातला प्रसंग असता, तर मी बेलाशक ‘धिंड’ लिहिले असते, जरी तेथे कोणाला रस्त्यातून फिरवले नसले तरी.