वाचकांचे प्रश्न : टूल बदलले की खोली का बदलते?

प्रश्न : माझ्याकडे तीन अक्षांचा सीएनसी वुड राउटर (संगणकाच्या आज्ञेवर लाकूड कोरणारे यंत्र) असून टूल हातानेच बदलावे लागते. पॅनेलवर आधी ६ मिमीच्या एंड मिलने (सपाट तळाच्या टूलने) खोलगट भाग काढतो आणि नंतर व्ही-बिटने (टोकदार टूलने) नक्षी कोरतो. प्रत्येक टूलचे झेड शून्य (खोली जिथून मोजायची ती उंची) लाकडावर कागद ठेवून घेतो, तरी दोन्ही टूलची कामे जिथे मिळतात तिथे पायरी राहते. टूल टेबलमध्ये (कंट्रोलरमधल्या टूलच्या लांबीच्या यादीत) लांबी भरून पाहिली, पण दुसऱ्या दिवशी तीही जुळली नाही. चूक कुठे होते आहे?

उत्तर : आपण दोन वेगळी मापे एकाच आकड्यात घेत आहात. लाकडाचा पृष्ठभाग यंत्राच्या मोजपट्टीवर कुठे आहे, हे कामाचे माप झाले; ते जी५४ या कामाच्या शून्याच्या नोंदीत राहते आणि एका कामाला एकदाच घ्यायचे असते. टूलचे टोक स्पिंडलच्या किती खाली आले आहे, हे टूलचे माप. त्याची जागा टूल टेबलमध्ये आहे आणि प्रोग्राममधली जी४३ ही आज्ञा ते लागू करते. दर टूलला लाकडावरच शून्य घेतले, की लाकडाचा बाक, कागद दाबण्यातला हाताचा फरक आणि जागा बदलल्याने पडणारा फरक, हे सगळे दुसऱ्या टूलच्या खोलीत उतरते. शिवाय पहिल्या टूलने तो पृष्ठभागच खरवडून काढला असेल, तर शून्य घ्यायला मूळ जागा उरत नाही.

दुसऱ्या दिवशी टेबल चुकण्याचे कारण कोलेटमध्ये, म्हणजे स्पिंडलमध्ये बिट पकडणाऱ्या चिमट्यात आहे. बिट कोलेटमध्ये किती आत बसवला हे दर वेळी थोडे बदलते आणि नट आवळताना कोलेट बिटला आणखी किंचित वर ओढते. त्यामुळे नट एकदा सैल केला, की आधी लिहिलेली लांबी रद्द समजावी. आपोआप टूल बदलणाऱ्या यंत्रांत बिट स्वतःच्या होल्डरमध्येच राहतो, म्हणून तिथे टेबलमधले आकडे टिकतात. आपल्याला मात्र बिट बसवल्यावर दर वेळी मोजावे लागेल.

त्यासाठी बेडच्या कोपऱ्यात टूल सेटर, म्हणजे टूल टेकताच संकेत देणारे बटण, पक्का बसवावा. होमिंग (यंत्राने स्वतःचे मूळ शून्य शोधणे) झाल्यावर पहिले टूल सेटरला टेकवून यंत्राचा झेड आकडा टिपावा, कामाचा नव्हे. समजा, तो −६२.४० आला. हेच टूल आपले संदर्भ टूल, त्याचा ऑफसेट (लांबीतला फरक) शून्य. त्यानेच लाकडावर शून्य घ्यावे, ते −८०.०० येथे आले असे धरू. व्ही-बिट बसवून पुन्हा सेटरला टेकवल्यावर −५८.१५ दिसले, तर तो ४.२५ मिमी आधीच टेकला, म्हणजे तेवढा लांब आहे. टेबलमध्ये त्याच्यापुढे +४.२५ लिहावे. मग जी४३ दिल्यावर लाकडाचे शून्य त्याच्यासाठी −७५.७५ वर येते आणि लाकडाला पुन्हा हात लावावा लागत नाही. इथे चिन्ह उलटे पडले, तर टूल ८.५० मिमी खोल घुसेल. म्हणून पहिली चाचणी स्पिंडल बंद ठेवून करावी : ऑफसेट लागू करून टूल हळूहळू झेड १० वर आणावे आणि खालची फट १० मिमीच्या ठोकळ्याने तपासावी.

सेटरला टेकवताना पहिला स्पर्श जलद, मग थोडे वर घेऊन दुसरा अगदी सावकाश घ्यावा आणि दुसराच आकडा धरावा. सेटरवरचा भुसा आणि कोलेटमधला राळेचा थर आधी साफ करावा, कारण व्ही-बिटच्या बाबतीत चूक लपत नाही : ९० अंशांच्या बिटची खोली ०.१ मिमीने चुकली, तर रेषेची रुंदी ०.२ मिमीने बदलते.

प्रोग्रामही वाचून पाहावा. प्रत्येक टूल बदलानंतर जी४३ आणि त्याच टूलचा एच क्रमांक (टेबलमधली कोणती लांबी घ्यायची ते सांगणारा) आलाच पाहिजे; टूल २ घेऊन एच१ राहिला, तर अचूक मोजलेले टेबलही उपयोगाचे नाही. ग्रबल (छोट्या यंत्रांवरचे नियंत्रण सॉफ्टवेअर) चालवणारा कंट्रोलर असल्यास त्यात टूल टेबल नसते. तिथे हाच फरक जी४३.१ ने द्यावा लागतो आणि रीसेट केल्यावर तो पुसला जातो.

प्रश्न : पृष्ठभाग सपाट करणाऱ्या मोठ्या कटरला मध्यभागी टोकच नसते. तो सेटरवर कसा टेकवावा?

उत्तर : स्पिंडल पूर्ण बंद करून कटर हाताने फिरवावा आणि एक पाते एक्स अक्षाच्या दिशेला आणावे. मग कटरच्या त्रिज्येपेक्षा किंचित कमी अंतर सरकून ते पाते सेटरच्या बटणाच्या नेमके वर घ्यावे आणि मापावे. पाती बदलता येण्याजोगी असतील, तर प्रत्येकाचे माप घेऊन सर्वांत खाली येणारे पाते धरावे, कारण तळ तेच कापते.