बसताना हाडं टोचतात, त्यावर थोडं

वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर वजन भराभर उतरलं की पोटाबरोबर बैठकीखालची चरबीही जाते. ती गेली की सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर आणि माकडहाडावर येतो. म्हणून कडक खुर्चीवर थोड्याच वेळात चुळबुळ सुरू होते. घाबरू नका, अनेकांना हे होतं.

माकडहाड दुखत असेल तर मागे खाच असलेली उशी घ्या. खाच बरोबर हाडाखाली आली पाहिजे. हवेची गोल रिंग मला तरी पटत नाही, तिच्या कडांचा दाब वेगळाच त्रास देतो. अर्ध्या तासाने उठा, चार पावलं चाला.

खरी मदत स्नायूंची. सांगितलेली प्रथिनं चुकवू नका. डॉक्टरांनी परवानगी दिली की उताणं झोपून, गुडघे दुमडून, कंबर हळूच उचलण्यापासून सुरुवात करा.

आणि कळकळीने सांगते, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक अशी वेदनाशामकं मनाने घेऊ नका. पोटाच्या बायपासनंतर (यात जठर लहान करून आतड्याला जोडतात) त्यांनी या जोडापाशी अल्सर होऊ शकतो. कातडी लाल राहून फुटत असेल किंवा पायाला बधिरपणा येत असेल तर लवकर दाखवा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर मात्र त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.