‘ड्रॉइंग टीचर’ म्हणून मी कमी पडते का?

‘गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कूलात सहा वर्षं चित्रकला शिकवते. परीक्षा जवळ आली की माझे पिरियड गणिताला जातात. गॅदरिंगची सजावट, रांगोळी, फलकलेखन मात्र माझ्याच गळ्यात. हल्ली फळ्यावर साधी घागर काढतानाही हात थरथरतो. बरोबरीचे प्रदर्शनं भरवतात. घरच्या माटोळीखाली (गणपतीच्या वर टांगतात त्या रानफळा-फुलांच्या छताखाली) बसून नीट बघायला सांगितलं, तर आठवीतल्या एका मुलाने तिचं चित्र सुंदर काढलं, एकेक फळ वेगळं टांगलेलं; तेवढाच काय तो आनंद. राजीनामा देऊ का?’
– एक शिक्षिका

प्रिय बाय,

तुझी दोन दुखणी एकमेकांत मिसळली आहेत. नोकरीत मन रमत नाही, हे एक. आपल्याला शिकवताच येत नाही, ही भीती दुसरी. पहिलं खरं आहे आणि त्याला कारणं शाळेत आहेत. दुसरं मला पटत नाही.

त्या मुलाचंच बघ. कांगलां, कवंडळं, आंबाडे त्याने वेगवेगळे टांगलेले दाखवले, कारण घरच्या माटोळीखाली बसून नीट बघायला तू सांगितलं होतंस. बघायला शिकवणं हेच तर तुझं काम! आणि ते तू एका ओळीत उरकून टाकलंस.

आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलं, की ‘मला हे जमेल’ हा विश्वास सगळ्यांत जास्त वाढतो तो स्वतः काम तडीस नेल्याने. आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं, कुणी धीर देणं, यांचाही हातभार लागतो. आणि मनावरचा ताण तो विश्वास पोखरतो. आता तुझं बघ. पिरियडच जातात, म्हणजे चित्र अर्धवट राहतं, म्हणजे तडीस जाणारं काही तुझ्या हाती लागतच नाही. शाळेत तुझ्या विषयाचं दुसरं कुणी नसेल, तर चुकलं-बरोबर सांगणारंही कुणी नाही. हात थरथरला तर नवल काय!

म्हणून प्रत्येक वर्गातल्या चार-पाच मुलांची वर्षारंभीची आणि आताची चित्रं एका फाइलीत शेजारी शेजारी लाव. आधी स्वतः बघ, मग ती घेऊन हेडबाईंकडे जा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको असं स्पष्ट म्हटलंय, तेही सांग. भांडू नकोस, पण मोघमही बोलू नकोस: ‘परीक्षेच्या महिन्यातही आठवड्याचा एक पिरियड माझाच राहू दे.’ सजावटीसाठी इतर शिक्षकांची नावंही लावून घे.

जवळच्या शाळांतल्या दोघातिघा कलाशिक्षकांना गाठ. एकमेकांच्या वर्गात जाऊन बसा.

प्रदर्शनांचं म्हणशील तर लक्ष्मण पै १९७७ ते ८७ पणजीच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते, चित्रकारही होतेच. शिकवलं म्हणून चित्रकार संपत नाही. पण रविवारची सकाळ स्वतःच्या कागदासाठी राख, घरात कुणी काही म्हटलं तरी.

राजीनामा आत्ता नको. पुढचं टाइमटेबल लागायच्या आधी हेडबाईंशी बोल. त्यांनी एक पिरियडही द्यायला नकार दिला, तर दुसरी शाळा शोधायला लाग. तेव्हा ती फाइल बरोबर ने.

तुझी,
ताई