डेडलँड्स, म्हणजे अमेरिकेच्या वाइल्ड वेस्टमधला भुताखेतांचा रोल-प्लेइंग खेळ, पहिल्यांदाच चालवतोय. मार्शल, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, म्हणून काय सांभाळू?

राक्षस लवकर दाखवू नका, एवढं सांभाळलंत तरी पुष्कळ. १८७० च्या दशकातलं एकच खाणगाव घ्या. सलूनमध्ये पियानो वाजतोय, वाजवणाऱ्याचे बूट ओल्या चिखलाने माखलेत, आणि गावात दोन महिने पाऊस नाही. बस, इथेच थांबा. खेळाडू स्वतःच घाबरायला लागतात, मी हे टेबलावर अनेकदा पाहिलंय.

लढाईतला क्रम पत्त्यांवर ठरतो: मोठं पान आधी, जोकरवाला हवं तेव्हा. सरावाला आधी एक साधी बारमधली हाणामारी खेळवा. जादूचे नियम नंतर.

आणि खेळाआधी प्रत्येकाला विचाराच, कुठला विषय नको. मूळ रहिवासी जमातींना निव्वळ शत्रू म्हणून अजिबात आणू नका. नावं, नाती, हेतू असलेली माणसं म्हणून आणा.