पहिल्यांदा ड्युरियन खाताना

प्रश्न : पुढच्या महिन्यात सिंगापूरला मुलीकडे जाणार आहे. ड्युरियन या फणसासारख्या काटेरी फळावर काही जण जीव टाकतात, काहींना वासही सोसत नाही. सुरुवात कोणत्या जातीपासून करावी?

उत्तर : थायलंडच्या मॉनथाँगपासून करा. हे फळ झाडावरून कापून उतरवतात, म्हणून वास सौम्य असतो. गर जाड आणि गोड. मलेशियाची फळं पिकून आपोआप गळतात, त्यामुळे वास उग्र आणि गर लिबलिबीत. तिथल्या मुसांग किंग जातीतला कडवटपणा हेच त्याच्या चाहत्यांचं सुख, पण नवख्याला तो खटकतो. कापा फणस आवडणाऱ्यांना मॉनथाँग रुचतं, बरका आवडणाऱ्यांनी मुसांग किंग जरूर चाखावं.

वास गंधकयुक्त संयुगांचा असतो, कांद्यालसणातही तशीच असतात. तो नकोसा वाटला तर गर थंड करून खा, वास दबतो. मात्र चवही थोडी दबते, म्हणून एक गरा साध्या तापमानाला खाऊन पाहाच.

तडकलेलं फळ घेऊ नका. हवा शिरून गर आंबतो. विक्रेत्याकडूनच फोडून घ्या आणि तिथेच खा. तिथल्या मेट्रोत ड्युरियन न्यायला बंदी आहे, बऱ्याच हॉटेलांतही. उरलेला गर हवाबंद डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा.