बुवांवरचा लेख पुन्हा लिही, पण आधी पेटी काढ

पोरी,

तुझा गायक आणि नाटकांना चाली देणारे भास्करबुवा बखले यांच्यावरचा लेख काल रात्री दोनदा वाचला, एकदा मोबाईलवर आणि एकदा प्रिंट काढून, कारण मोबाईलवर वाचताना चिडचिड होत होती आणि ती चष्म्यामुळे की लेखामुळे ते कळेना. लेखामुळेच निघाली.

रागावू नकोस. १९११ ते १९२० एवढाच तुकडा घेतलास हे लय भारी केलंस, नाहीतर लोक १८६९ च्या जन्मापासून सुरू करतात आणि १९२२ च्या मृत्यूपर्यंत धापा टाकत पोचतात. पण तू काय केलंयस, प्रत्येक नाटकामागे बुवांचं एक दुःख शोधून ठेवलंयस. लहानपणी नाटक कंपनीत गायचे, मग आवाज फुटला, बाजूला पडले, म्हणून खाडिलकरांच्या 'स्वयंवर' नाटकात ती वेदना उतरली वगैरे. कुणी सांगितलं तुला? अगं मीही हेच केलंय. वीसेक वर्षांपूर्वी सांगलीत एका कार्यक्रमात माईक हातात आल्यावर मी असंच रंगवून रंगवून बोललो, टाळ्या पण पडल्या, आणि खाली उतरल्यावर पहिल्या रांगेतले एक आजोबा हळूच म्हणाले, 'मास्तर, चालीबद्दल काहीच बोलला नाहीत.' अजून आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

मग चालीबद्दल बोलू. तू सारखं 'संगीतकार' लिहितेस, तो आपला सिनेमावाला शब्द. बुवा चाली देत. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ, या तीन गुरूंकडून मिळालेल्या चिजांचा, म्हणजे रागातल्या बांधीव बंदिशींचा, केवढा साठा त्या माणसाकडे, आणि नाट्यपद बरंचसं अशा एखाद्या चिजेवरच बसायचं. म्हणजे हवेतून काही काढायचं नव्हतं, निवडायचं होतं. ही चीज 'स्वयंवर'च्या रुक्मिणीच्या तोंडी शोभेल का, मैफलीत पाऊण तास चालणारा ऐवज दोन संवादांच्या मधे किती ठेवायचा, किती टाकायचा, आणि समोर गाणारे बालगंधर्व आहेत तर त्यांच्या गळ्याला कुठे मोकळं सोडायचं. बुवांचं डोकं या कापाकापीत दिसतं आणि तुझ्या लेखात त्यावर एक ओळ नाही!

एक पद घे फक्त. 'स्वयंवर'मधलं 'नाथ हा माझा', राग यमन. पहिल्या तीन शब्दांत ना, हा, मा, झा, चार 'आ'कार, म्हणजे 'आ' स्वराची अक्षरं आहेत, म्हणजे गाणाऱ्याला तान घ्यायला चार दारं उघडी, तोंड वेडंवाकडं करायला नको. आता दुसरीकडे बघ, खाडिलकरांची पदं खडबडीत आहेत, काव्य कमी पडतं, असं लोक कायम म्हणतात आणि तूही म्हटलंयस. (आपल्या सांगलीचाच माणूस तो, १८७२ चा जन्म, आणि आपणच त्याला नावं ठेवायची!) पण आधी चाल ठरलेली आणि शब्द मागून तिच्यात बसवायचे असतील तर वाचताना ते अडखळणारच ना, चपलेच्या मापानं पाय कापल्यासारखं. वाचू नकोस, गा. गाताना तोच शब्द कसा सरळ होतो बघ.

अजून एक. बुवांचं एकही रेकॉर्डिंग नाही. आपण ऐकतो ते बालगंधर्वांचं गाणं, तेही तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत कोंबलेलं. त्यामुळे 'बुवांचा आवाज काळीज चिरतो' हे वाक्य उडव, तो तू ऐकलेला नाहीस, मीही नाही. गाण्यातली एखादी जागा, म्हणजे सुरांचं खास वळण, बुवांची की बालगंधर्वांच्या गळ्याची हे सुटं करणं अवघड आहे, पण तुझ्या लेखाचा खरा विषय तोच आहे असं मला वाटतं.

आणि दुःख शोधण्याऐवजी त्या दहा वर्षांतलं रोजचं काम मोज. १९११ ला पुण्यात भारत गायन समाज काढला, १९१३ ला 'विद्याहरण', १९१६ ला 'स्वयंवर', १९२० ला 'द्रौपदी', मधे मैफली, आणि मास्तर कृष्णरावांसारखी पोरं शिकवणं. 'स्वयंवर'च्या वेळी बुवा ४७ चे होते. सकाळी शिष्याला पलटे, म्हणजे सुरांचे सराव, घोटायला लावायचे आणि त्याच डोक्यानं नाटकासाठी चीज छाटायची, तर शिकवण्याचा चालींवर काय परिणाम झाला असेल? हा प्रश्न मला तुझा लेख वाचताना पहिल्यांदा सुचला, म्हणजे लेख अगदीच वाया नाही गेला.

रविवारी ये. पेटीची काळी दोन दाबली की वर येत नाही, मिरजेला सतारमेकर गल्लीत दाखवायची म्हणतोय पण शनिवारपर्यंत होईल असं वाटत नाही, तेव्हा पांढरी चारचा सूर धरून गाऊ. यमनमधल्या दोन-तीन जुन्या चिजा काढून ठेवतो, पदाशेजारी ठेवून बघू कुठे काय कापल्यासारखं वाटतं ते. लेखाची प्रिंट आणू नकोस, माझ्याकडे आहे, लाल पेनानं जरा जास्तच रंगलीय. येताना भडंग आण, कमी तिखटाचं.

— काका